कोलंबोच्या तबकडीत वहिनींची बोटे

॥ श्रीदेवी प्रसन्न ॥

मुक्काम कोलंबो, आषाढ वद्य पंचमी, सन १९३७

तीर्थस्वरूप दादांच्या पायांशी धाकट्या व्यंकटाचा साष्टांग दंडवत.

आम्ही तिघे येथे सुखरूप आहोत. लेक सरोजिनीचा घसा ठीक आहे. माझे पोट ठीक नाही (येथे भातच भात, भाकरीचे दर्शन नाही). वहिनींची प्रकृती हिंगोलीत होती त्याहून चांगली आहे. हे वाचून आपणास आनंद व्हावा की वाईट वाटावे, ते मला ठरवता येत नाही. आपला गुडघा कसा आहे? हळदीचा लेप चालू आहे ना? वहिनींखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातचे आपणास चालत नाही, तेव्हा आपण स्वतःच रांधत असाल. वरण करपत नाही ना? वहिनी रोज जेवताना हाच प्रश्न विचारतात आणि मग स्वतःशीच हसतात. हसण्याचा अर्थ मी विचारला नाही.

आता मुद्द्याचे. हे पत्र माफीचे नाही. (पहिल्या मसुद्यात माफी होती. सकाळी तो वाचून पाहिला, तर आपण नेमकी कशाची माफी मागतो आहोत हे मलाच सापडेना. वकील माणसाने असा अर्ज दाखल करू नये, म्हणून फाडला.) आपण हिंगोलीच्या फलाटावर, स्टेशनमास्तरांच्या आणि हळदीच्या पोत्यांवर बसलेल्या सगळ्या मंडळींच्या देखत जे बोललात, ते मी रोजनिशीत त्याच दिवशी जसेच्या तसे उतरवून ठेवले आहे. आपण म्हणालात, "पोरगी त्या बँडात गायली तर पुन्हा देवीपुढं तिनं तोंड उघडायचं नाही, व्यंकट. अन् तूही माझी पायरी चढायची नाही. बराबर ध्यानात ठेव." मग वहिनींकडे वळून म्हणालात, "तू संगं चालली ती बघायला. काही वंगाळ दिसलं, की पोरीचा हात धरून तशीच परत ये." मी त्यावर घाईने डब्यात चढलो, कारण गाडी सुटली. (गाडी सुटायला बराच अवकाश होता. पण लिहिताना हे कारण बरे दिसते.)

दादा, सरोजिनी हे इंग्रजी गाणे कोठे शिकली? गोऱ्यांची छावणी उठून गेली तरी हिंगोली न सोडलेल्या डेव्हिडमास्तरांच्या बंगलीत. आणि तेथे तिला कोणी पाठवले? आपण. देवीच्या पदांना साथ हवी म्हणून हार्मोनियम शिकायला. आता मास्तरांच्या पुतण्याने, फ्रँकने, कोलंबोच्या हॉटेलात बँड काढला, तो तेथून मास्तरांना जॅझच्या तबकड्या पाठवू लागला, आणि आपली पोरगी पेटी शिकता शिकता तेही उचलत गेली, यात मी तिचा दोष कसा काढू? मी प्रामाणिकपणे काढून पाहिला. सापडला नाही. फ्रँकच्या ओळखीने येथल्या एका कंपनीने तिला आल्बमसाठी बोलावले. (आल्बम म्हणजे फोटोंचे असते तसेच पुठ्ठ्याचे पुस्तक, फक्त पानांच्या जागी तबकड्या.) एवढा मान हिंगोलीत दुसऱ्या कोणाला मिळाला असता, तर आपणच पुजारी म्हणून देवळात त्याला शाल-नारळ दिला असता.

पण पोरीचे मन आपल्या फलाटावरच्या बोलण्यात अडकले होते. पूर्णा स्टेशन आले तशी ती खिडकीतून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "बाबा, देवीपुढं गाणं बंद झालं तर ही तबकडी मी ऐकवू कोणाला?" आईविना वाढलेली पोर. वहिनींच्या मांडीवर बसून नवरात्रात देवीपुढे पहिल्यांदा गायली, तेव्हापासून एकही नवरात्र चुकलेले नाही. वहिनी शेजारी शेंगा सोलत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आणि त्या बोलत नाहीत तेव्हा मला जास्त भीती वाटते, हे आपणास अनुभवाने ठाऊक आहे.

प्रवासाची एक तकलीफ सांगितलीच पाहिजे, कारण तीत आपल्या गावच्या मालाची अब्रू गुंतली आहे. सरोजिनीचा घसा बसू नये म्हणून वहिनींनी घरून हळदीचे गाठोडे घेतले होते, आणि आम्हा तिघांना वाटभर हळद-गुळाच्या गोळ्या चघळायला लावत होत्या. आगबोटीवर चढण्याआधी डॉक्टर प्रत्येकाची जीभ पाहतो. त्याने माझी पाहिली, सरोजिनीची पाहिली, वहिनींची पाहिली, आणि आख्ख्या कुटुंबाला कावीळ झाली आहे असे जाहीर करून आम्हाला बाजूला बसवले. मी कॉलेजात कमावलेले सगळे इंग्रजी खर्च केले. त्याचा संशय वाढतच गेला. शेवटी वहिनी उठल्या, गाठोडे सोडले, आणि चिमूटभर हळद त्या भल्या माणसाच्या पुढे धरून म्हणाल्या, "तुमी खा. मंग तुमची बी जीभ बघू." भाषा त्याला कळली नसावी, पण हात कळला. त्याने हळद जिभेला लावली, आरशात पाहिले, आणि आम्हाला सोडून दिले. येथवर वहिनी आपल्या हुकमाने चालल्या होत्या असे मी मानतो. पुढचे मात्र लक्ष देऊन वाचावे.

गाणे भरायची जागा म्हणजे हॉटेलातले एक दालन. भिंतींना जाड कांबळी टांगलेली, पंखे बंद, उकाडा असा की वाफेच्या पातेल्यात बसल्यासारखे वाटावे. मध्ये खांबावर आवाज टिपणारे डबीएवढे यंत्र. काचेपलीकडे कंपनीचा गोरा साहेब मेणाच्या तबकडीजवळ उभा. लाल दिवा लागला की कोणी खोकायचे नाही, शिंकायचे नाही, बांगडी वाजवायची नाही. मेणावर एकदा ओरखडा उठला की तबकडी वाया, आणि कंपनीने मेण मोजके आणलेले. हे सगळे फ्रँकने आम्हाला समजावले. (तो लहानपणी आपल्या छावणीत वाढला, त्याची दखनी बोली अजून अस्सल हिंगोलीची आहे.) वहिनींनी मान डोलावली, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, आणि सांगितले की परक्या पुरुषांत पोरगी एकटी उभी राहणार नाही. म्हणून तिच्या शेजारी हाताच्या अंतरावर त्यांना स्टूल दिले. त्या तेथे आपला हुकूम बजावायला बसल्या होत्या. पोरीचा हात धरायला अंतर अगदी सोयीचे होते.

लाल दिवा लागला. कर्णा वाजला, ढोल घुमू लागला, आणि सरोजिनी गाऊ लागली. दादा, मला जॅझ समजत नाही, आणि समजत नसलेल्या गोष्टीला चांगले म्हणणे लबाडीचे आहे, म्हणून एवढेच लिहितो की माझ्या अंगावर काटा आला. (तो आवडल्याचा होता की भीतीचा, हे मी अद्याप तपासतो आहे.) शेवटाकडे ती शब्द सोडून नुसत्या बा-बा, डू-डू अशा बोलांनी वर वर चढत गेली आणि वरचा सूर धरून उभी राहिली. त्याच क्षणी वहिनी स्टुलावरून उठल्या. वाटले, आता धरला हात. आल्बम संपला, आम्ही निघालो. वहिनींनी दोन्ही हात पुढे नेले, पोरीच्या गालांवरून फिरवले, स्वतःच्या कानशिलांवर नेले, आणि दहाही बोटे कडाकडा मोडली.

दृष्ट काढली त्यांनी! तीही यंत्राच्या तोंडाशी!

दिवा विझला. साहेब धावत बाहेर आला. मी नुकसानीबद्दल बोलण्यासाठी घसा साफ करत होतो, तोच ढोलवाला उडी मारून उठला आणि फ्रँकच्या कानाशी लागला. फ्रँक वहिनींपुढे हात जोडून म्हणाला, "अम्मा, ये कडकड क्या चीज है? एकदम ठेके पे आई! सब गानों में बजाव ना."

"बजाव म्हंजे?" वहिनी म्हणाल्या. "ढोलकं हाय व्हय रे हे? पोरगी जीव लावून गायली तर बोटं आपसूक मोडतात. सांगून मोडत न्हाईत."

यातून पुढे जे झाले ते माझ्या मते कोणत्याही कंपनीत झाले नसेल. साहेब काचेपलीकडून काट्याकडे न पाहता वहिनींच्या बोटांकडे पाहू लागला. बोटे मोडली तर तबकडी ठेवायची, नाही मोडली तर पुन्हा. आणि दुसऱ्या गाण्याला बोटे हललीच नाहीत. पुन्हा भरले, तरी हलली नाहीत. मेण संपत चालले. सूर बरोबर होता, शब्द बरोबर होते, पण पोरगी गात नव्हती, धडा म्हणत होती. हे मलासुद्धा कळले. साहेबाने फ्रँकला सांगितले की आणखी एक तबकडी वाया गेली तर हे सगळे येथेच थांबवू.

वहिनींनी पोरीची हनुवटी वर केली. "काहून गं, कोणाच्या धाकात गाऊन राहिली?"

सरोजिनी रडू आवरत म्हणाली, "काका म्हणाले होते ना, गायले तर देवीपुढं..."

"काकांनी बघायला कोणाला पाठवलं? तुला का मला?"

"तुम्हाला."

"मंग मी बघून राहिले ना. वंगाळ असंल तर मी सांगीन, ती माझी नोकरी. तुझी नोकरी गायची." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अन् भावजी, तुमी असं तोंड करून समोर बसू नका. कोणाला वाटंल, घरात कोणी आजारी हाय." मी तोंड भिंतीकडे करून बसलो. (तसा बसलो म्हणून ते गाणे मी फक्त ऐकले, पाहिले नाही. साक्षीपुरते नमूद करतो.) मी जे ऐकले ते असे: पोरगी गायली, त्या बा-बा डू-डूवर आली, आणि माझ्या पाठीमागे कडाकड झाली, पाठोपाठ आणखी एकदा, जणू एका खेपेला तेवढी दृष्ट निघेना. उरलेली सगळी गाणी मग एकेका खेपेत भरली.

नंतर चहा पिताना मी वहिनींना विचारले की ते बिनशब्दांचे त्यांना कसे वाटले. त्या म्हणाल्या, "लेकराला निजवताना आपण दुसरं काय करतो? ही माझ्याच मांडीवर शिकली ते. ह्यात वंगाळ काय?"

आता दादा, आपल्या हुकमाचा विचार कायद्याने करू. अट होती, "काही वंगाळ दिसलं, की." साक्षीदार आपण नेमलेला, आपल्या घरचा, आणि त्याच्या शब्दावर आपण आजवर देवीचा नैवेद्य मांडत आलात. त्या साक्षीदाराला वंगाळ दिसले नाही. उलट त्याने भर दालनात दृष्ट काढली, म्हणजे जे झाले ते नजर लागण्याइतके चांगले होते, हा निर्वाळा दिला. तेव्हा आपला हुकूम अटीअभावी रद्द आहे. नवरात्रात सरोजिनी देवीपुढे गाईल. आपली जुनी पदेच गाईल. ही तबकडी देवळात वाजवण्याचा आमचा विचार नाही. पण तिची लाज वाटून घ्यायचाही विचार नाही. आणि पोरीवरची बंदी कायम ठेवायची तर ती कलमात कलम मिळवून वहिनींवरही ठेवावी लागेल, कारण त्या तबकडीत दोघीही आहेत. तसे करून देवीचा स्वयंपाक कोण करील, याचा विचार आपण करावा. मी करून पाहिला. मला भीती वाटली.

थोरांना नमस्कार, आणि देवीपुढे आमच्या नावाचे हळदीकुंकू वाहावे.

आपला, पायरीवरून न हलणारा,
व्यंकट

ता. क. : विनंती राहूनच गेली. तबकड्या नवरात्राआधी डेव्हिडमास्तरांच्या पत्त्यावर येतील, त्यांच्याकडे ग्रामोफोन आहे. आपण एकदा जाऊन ऐकाव्या. आत जायचे नसेल तर कुंपणाशी उभे राहून ऐकल्या तरी चालेल. मास्तर आवाज मोठा ठेवतील, मी त्यांना लिहिले आहे. सरोजिनीला इतर कोणाच्या ऐकण्याची एवढी फिकीर नाही.

ता. क. दुसरा : ऐकताना शेवटची तबकडी अगदी शेवटपर्यंत वाजू द्यावी, मध्येच उठू नये. त्याचे असे झाले की गाणे संपल्यावर साहेबाने काचेतूनच विचारले, बोटे मोडणाऱ्या बाईंचे नाव काय छापायचे? फ्रँकने वहिनींना विचारले, "अम्मा, नाम?" आता बायामाणसांत चारचौघांनी "नाव घे" म्हटल्यावर आपल्याकडे काय घेतात, हे त्याला काय ठाऊक. वहिनींनी पदर सावरला आणि खणखणीत आवाजात घेतले:

लंकेच्या यंत्रापुढं लाल दिवा लागला,
राधाकृष्णरावांचं नाव घेते, पोरीनं सूर राखला.

विचारण्याच्या घाईत साहेब दिवा विझवायला विसरला होता, तो अजून लालच होता; वर कर्णेवाल्याने जोशात कर्णाही फुंकला. साहेबाला ते इतके आवडले की त्याने तसेच ठेवले. म्हणजे सिंगापुरापासून मुंबईपर्यंत जेथे जेथे तो आल्बम वाजेल, तेथे तेथे शेवटी आपले नाव येईल, पाठोपाठ कर्णा.

ता. क. तिसरा : वर मी माफीचा मसुदा फाडला असे लिहिले आहे. तो वहिनींनी फाडला. मी चिकटवायला घेतला होता. हेही पत्र त्यांनी वाचून घेतले आणि "न हलणारा" हा शब्द त्यांच्या सांगण्यावरून घातला आहे. मी हलतो, हे आपण जाणताच. त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत देतो: "त्यांना लिहा, आमी गाडीतून उतरलो की घरी येणार न्हाई. आधी देवळात जाऊ. पोरगी गाईल. घराचं दार लावलेलं असंल तर तिथंच मुक्काम करू, देवीचं रांधणं तिथंच होतं. करपलेलं वरण खाऊन कंटाळा आला असंल, तर तुमी बी पोरगी गाऊन राहिली तवाच या. पंगत गाणं संपल्यावर बसंल."