पाठीत गोळी लागलेला माणूस वळून बघत नाही

मी, लुदोमिर गावेल, वय वर्षे ब्याऐंशी, व्यवसाय नट, राहणार लिपोवा गल्ली, घर क्रमांक १४, तिसरा मजला, वूच शहर, याद्वारे जाहीर करतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे नाहीत. मोतीबिंदूमुळे स्वतः लिहिणे जमत नसल्याने हे मृत्युपत्र मी नागरी नोंदणी कार्यालयाचे निबंधक श्री. मिरोन साव्हा यांना माझ्याच घरी तोंडी सांगत आहे व ते लिहून घेत आहेत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला आधी कोणीतरी घरी यावे लागते.

निबंधकांना मी सुरुवातीलाच बजावले की मी सांगेन ते शब्दशः लिहा. त्यांनी ते फारच मनावर घेतले आहे. मघाशी मला शिंक आली तेव्हाही त्यांच्या पेनाचा आवाज आला.

साक्षीदार दोन ठरले आहेत. इमारतीची देखरेख करणाऱ्या ओतिलियाबाई आणि खालचे औषधवाले. औषधवाले अजून आलेले नाहीत, म्हणून ओतिलियाबाई त्यांना आणायला गेल्या आहेत. तोवर आम्ही सुरुवात केली.

एक. मला माझी पत्नी झेनोबिया हिच्या शेजारी पुरावे. भाषणे नकोत. नट मंडळींपैकी कोणी उभा राहिलाच तर त्याने ‘खलनायक’ हा शब्द काढू नये. दगडावर ‘नट’ एवढेच कोरावे. कोणत्या भूमिकेसाठी ते कोरायचे कारण नाही. सगळ्यांना माहीत आहे, आणि माझी तक्रार तीच आहे.

दोन. बँकेतील शिल्लक, पुस्तके व झेनोबियाची अंबरची माळ माझी भाची कालिना हिला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवणाआधी आपण एकमेकांना पवित्र पापडी मोडून देतो, ती हिने लहानपणी एका वर्षी माझ्या हातून घेतली नाही. ‘मामानं राष्ट्राध्यक्षांना मारलं, मी त्याच्याकडून नाही घेणार,’ असे सगळ्या टेबलासमोर म्हणाली. आता ती ग्दान्स्कला दातांची डॉक्टर आहे आणि दर रविवारी फोन करते, तेव्हा ते माफ.

तीन. काळा ओव्हरकोट. हा मी त्या चित्रपटात घातला होता. निबंधकांचा जन्म नंतरचा असल्याने त्यांना सांगावे लागले, ते इथेही राहू द्यावे. एकोणीसशे बावीसच्या डिसेंबरात आपले पहिले राष्ट्राध्यक्ष वॉर्सात चित्रांचे प्रदर्शन बघायला गेले असताना एका चित्रकाराने त्यांना मागून गोळ्या घातल्या. त्यावर टेलिव्हिजनने सत्तरच्या दशकाच्या शेवटी चित्रपट केला. मारेकरी मी होतो. राष्ट्राध्यक्ष होता बोनिफात्सी कुरेक, म्हणजे बोनेक. नाट्यशाळेत शिकताना आम्ही एका खोलीत राहायचो. दोघांत एक पातेले होते आणि ते घासण्यावरून आमचे कधी भांडण झाले नाही. इतका तो मला जवळचा होता.

आता इतिहास बघा. गोळ्या पाठीत लागल्या. पाठीत गोळी लागलेला माणूस पुढे कोसळतो, वळून बघत नाही. संहितेतही तसेच होते. पहिल्या टेकला बोनेक नीट कोसळला, पण गर्दीतल्या कोणाची तरी टोपी पडली म्हणून तो टेक बाद झाला. दुसऱ्या टेकला पहिला बार झाला आणि हा महात्मा वळला! वळून सरळ माझ्याकडे बघितले, डोळ्यांत डोळे घालून. मी उरलेल्या दोन गोळ्या झाडल्या, मग तो खाली गेला. दिग्दर्शक रडायला लागला. तोच टेक ठेवला.

तेव्हा वाहिन्या दोनच होत्या आणि दुसरीवर ट्रॅक्टरच्या देखभालीविषयी कार्यक्रम होता. म्हणजे सगळ्या देशाने ते बघितले. समीक्षकांनी लिहिले की त्या एका नजरेत राष्ट्राने आपल्या मारेकऱ्याला क्षमा केली. राष्ट्राने केली असेल, बेकरीवालीने केली नाही.

‘काय पाहिजे?’ तिने विचारले.

‘पाव.’

‘तुम्हाला? एवढं बघितलं बिचाऱ्यानं तुमच्याकडे, आणि तुम्ही वर आणखी दोन घातल्या!’

‘बाई, त्या संहितेत होत्या.’

‘मग पाव पण संहितेतूनच घ्या.’

तो वळला नसता तर लोकांनी फार तर भिंतीवरची चित्रे लक्षात ठेवली असती. पण त्याने आपल्या माणसाकडे बघावे तसे बघितले, आणि मी आयुष्यभराचा बदनाम झालो. पुढे मला मिळालेल्या भूमिका अशा: खबऱ्या, सावकार, पुन्हा खबऱ्या, बायकोला विष देणारा पोस्टमास्तर, आणि मुलांच्या मालिकेत लांडगा. घरात झेनोबिया म्हणायची, ‘खुन्या, जरा बटाटे सोल.’ तिच्या तोंडी मला ते नाव आवडायचे. आता कोणी म्हणत नाही.

बोनेकची मात्र चंगळ. टंचाईच्या त्या दिवसांत मांसाच्या दुकानासमोरच्या रांगेत लोक त्याला म्हणायचे, ‘राष्ट्राध्यक्ष, तुम्ही कशाला ताटकळताय, व्हा पुढे.’ आणि तो खुशाल पुढे व्हायचा. एकदा माझ्याही पुढे झाला. खाटकाने शेवटची तंगडी त्याच्या हातात दिली आणि माझ्या तोंडावर खिडकी लावली. मी रांगेदेखत म्हणालो, ‘बोनेक, तू त्या दिवशी वळायला नको होतंस.’ तो म्हणाला, ‘मी वळणारच होतो.’ त्यानंतर आम्ही बोललो नाही. रांगा गेल्या, ते सरकार गेले, झेनोबिया गेली, तरी बोललो नाही.

कोट गावातल्या नाट्यगृहाच्या कपडेपटाला द्यावा. कसर लागली आहे हे आधी सांगू नये.

चार. माझी ही सदनिका, दोन खोल्या व स्वयंपाकघर, श्री. बोनिफात्सी कुरेक यांस. ते सध्या मुलाच्या स्वयंपाकघरात घडीच्या खाटेवर झोपतात व कोणी फ्रिज उघडला की त्यांना पाय पोटाशी घ्यावे लागतात, असे ओतिलियाबाईंकडून कळते. ऐकल्यापासून मला नीट झोप नाही. मात्र अट अशी की पाठीत गोळी लागलेला माणूस वळून बघत नाही, सबब आपण वळायला नको होते, असे त्यांनी लेखी द्यावे. न दिल्यास सदनिका नगरपालिकेला. निबंधक म्हणाले, ‘गावेल साहेब, अट जरा कडक वाटते.’ मी म्हणालो, ‘लिहा.’ त्यांनी ‘लिहा’ हेही लिहिले.

पाच. क्षमेविषयी ज्यांनी लिहिले त्या समीक्षकांपैकी कोणी हयात असल्यास त्याला माझा चष्मा.

सहा. हे कलम शेजारच्या मांजराविषयी होते. ते अर्धेच राहिले, कारण ओतिलियाबाई धापा टाकत वर आल्या.

‘औषधवाले तापानं फणफणलेत,’ त्या म्हणाल्या. ‘हे गृहस्थ खाली तुमच्या घंटीवर बोट ठेवून उभे होते. दाबत नव्हते, नुसते उभे. म्हटलं, सही येते ना? मग चला वर.’

मला दारात फक्त एक टोपी दिसली. मग टोपी खोकली, आणि मी ओळखले.

‘लुदेक,’ बोनेक म्हणाला, ‘तू मरतोयस म्हणे.’

‘कोण म्हणालं?’

‘चर्चमध्ये सगळेच म्हणतायत.’

‘मोतीबिंदूनं कोणी मरत नाही. बस.’

तो बसला. निबंधक म्हणाले की नवे साक्षीदार उशिरा आल्यामुळे सर्व मजकूर पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवावा लागेल. मी म्हणालो की तिसरे कलम गाळले तरी चालेल. ते म्हणाले, चालणार नाही. निबंधकांचा आवाज बातम्या देणाऱ्यासारखा आहे. ‘हा महात्मा वळला’ हे त्यांनी हवामानाच्या सुरात वाचले. बोनेक मधे एकदाच बोलला.

‘तंगडी नव्हती. डुकराचे पाय होते, ते पण दोन.’

चौथे कलम वाचून झाले तेव्हा तो उठला, असे खुर्चीच्या आवाजावरून कळले.

‘लेखी देणार नाही,’ तो म्हणाला.

‘का? शंभर वर्षांनी तरी कबूल कर!’

‘काय कबूल करू, गाढवा? पहिल्या टेकला पिस्तुलाच्या जाळानं तुझी बोटं भाजली होती. दिग्दर्शक ओरडेल म्हणून कोणाला बोलला नाहीस, बाही खाली ओढून उभा राहिलास. मला दिसलं होतं ते. दुसऱ्या टेकला परत बार झाला. परत भाजलं का, बघायला नको?’

‘कॅमेरा चालू असताना?’

‘मग कधी? तू अजून दोनदा झाडणार होतास!’

‘आणि हे तू मला त्या रांगेत का नाही सांगितलंस?’

‘तू विचारलंस कुठे? तू म्हणालास, वळायला नको होतंस. मी म्हणालो, वळणारच होतो. अजूनही म्हणतो.’

ज्या नजरेवर देशभरात लेख लिहिले गेले, ती माझ्या बोटांची चौकशी होती.

मी माझी बोटे चाचपत बसलो. निबंधकांनी ‘मृत्युपत्रकर्ता बोलत नाही’ असे लिहिले. त्यापुढे मी स्वतः सांगून लिहवून घेतो की मला रडू आले, आणि बोनेकवाचून माझी इतकी वर्षे फार वाईट गेली. ओतिलियाबाईही रडल्या, पण त्या लग्नातसुद्धा रडतात.

सात. चौथ्या कलमातील अट मी काढून टाकतो. सदनिका श्री. कुरेक यांस, कोणत्याही अटीविना.

इथे निबंधकांनी प्रथमच पेन खाली ठेवले. ‘हे नाही चालायचं. साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही देता येत नाही. कुरेक साहेब, एक तर तुम्ही साक्षीदार, नाहीतर घराचे मालक. काय ते ठरवा.’

‘अहो, मालक व्हा!’ ओतिलियाबाई म्हणाल्या. ‘साक्षीदार काय, मी वरचा प्लंबर आणते.’

‘घर मिळायला हा मरावा लागतो,’ बोनेक म्हणाला. ‘आत्ता कुठे बोलायला लागलाय. साहेब, मला साक्षीदार लिहा.’

आठ. सबब कलम चार व सात पूर्णपणे रद्द. सदनिकेचे पुढे काय, ते मी दुसऱ्या मृत्युपत्रात दुसऱ्या साक्षीदारांसमोर सांगेन. तोपर्यंत मरण्याचा माझा विचार नाही. निबंधक म्हणाले की अशी हमी कायद्यात बसत नाही. मी म्हणालो, लिहा.

वरील मजकूर मला व दोन्ही साक्षीदारांना पूर्ण वाचून दाखवण्यात आला. डुकराच्या पायांबाबतची दुरुस्ती मान्य आहे. बाकी सगळे माझ्याच तोंडचे असून ते ऐकून, समजून व नाक पुसून मी खाली सही करीत आहे. सहीची जागा ओतिलियाबाईंनी बोट धरून दाखवली.

स्थळ: वूच
दिनांक: १२ फेब्रुवारी २०१९

(सही) लुदोमिर गावेल, मृत्युपत्रकर्ता

(सही) मिरोन साव्हा, निबंधक, लिहून घेणार

साक्षीदार
१. (सही) ओतिलिया बान्या, वय ६७, राहणार लिपोवा गल्ली, घर क्रमांक १४, तळमजला
२. (सही) बोनिफात्सी कुरेक, वय ८३, नट, राहणार लिपोवा गल्ली, घर क्रमांक १४, तिसरा मजला, आजपासून