दगडाखालचा भुईचाफा

जव्हार, ६ एप्रिल २०२५

चि. मीना हिस सकूताईचे अनेक आशीर्वाद.

दिपेशच्या जीपमधून पिशवी पाठवली आहे. आत बारा भुईचाफे आहेत, लोकरीचे. पाकळ्या पांढऱ्या, खालची तेवढी जांभळी. पहिले दोन वाकडे झालेत, हसू नकोस. तुझ्या अंगणवाडीतल्या पोरांच्या चित्रांपेक्षा बरे आहेत.

नीताला जाऊन या महिन्यात वर्ष होईल. तिच्या पिशवीत क्रोशाची सुई आणि अर्धवट फूल निघालं. नाशिकच्या हॉस्टेलात असताना लेक माझी अशी रानफुलं विणून एसटीच्या सीटवर, बँकेच्या बाकावर गुपचूप ठेवून यायची. सापडेल त्याने घरी न्यावं. नाव नाही, चिठ्ठी नाही. मी तिच्यावर ओरडायची, की लोकर काय झाडाला लागते का. आता शेजारच्या कविताकडून क्रोशाचे टाके, खांब आणि साखळ्या, शिकून मीच विणत बसते.

ही फुलं सूर्यमाळला लोकांची ये-जा असेल तिथे ठेव. वाऱ्याने उडतील, वर लहानसा दगड ठेव. एकेका घरात तिचं एकेक फूल जावं, एवढीच इच्छा आहे. मी स्वतः यायला हवं, पण त्या थांब्यावर उतरायचा धीर होत नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला की रडण्यापलीकडे काही होत नाही, म्हणून लिहीतच जा.

हेमराजना नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव.
तुझी,
सकूताई


सूर्यमाळ, १७ एप्रिल

ती. सकूताईस मीनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे फुलं ठेवली. विहिरीच्या कठड्यावर, शाळेच्या पायरीवर, दुकानाच्या फळीवर. पहिलं मात्र थांब्याच्या ओट्यावर ठेवलं. त्या सकाळी तापाने फणफणलेली नीता माझ्या खांद्यावर डोकं टाकून जीपची वाट बघत जिथे बसली होती, तिथेच. जीप मिळाली, पण जव्हार गाठेपर्यंत तिने दम धरला नाही. हे तुला माहीत आहे, तरी हात त्याच जागी गेला.

ताई, तुला खोटं लिहिवत नाही. आठ दिवस झाले, एकही फूल कोणी उचललेलं नाही. मी रोज येता-जाता बघते. वाकडी दोन शोधून परत पाठवू का, म्हणजे उरलेली तरी खपतील? थट्टा केली, रागावू नकोस. काकडीचं वाळवण पाठवते आहे, पोटाला काही खात जा.

माया कमी करू नकोस.
तुझीच,
मीना


जव्हार, २१ एप्रिल

चि. मीना हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस सुई हातात घेतली नाही. नको तर नको. नीता दर सुट्टीत तुझ्याकडे यायची, पाड्यातल्या पोरींच्या वेण्या घालायची. तिच्या हातची वस्तू म्हणून नाही, पण रस्त्यात पडलेलं फूल म्हणून तरी कोणी उचलावं? ती गेली तेव्हा सगळे रडले. वर्षात विसरलेही. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही, पण मला राग आला आहे.

सगळी फुलं गोळा करून दिपेशकडे दे. उसवून टाकीन. सूर्यमाळचं नाव आता माझ्यापाशी काढू नकोस.

सकूताई


सूर्यमाळ, २६ एप्रिल

ती. सकूताईस मीनाचा शि. सा. न.

फुलं गोळा करायला काल थांब्यावर गेले. ऊन डोक्यावर आलेलं. ओटा सावलीत, अर्ध्यावर माणसं दाटीने बसलेली, फुलाकडचा अर्धा मोकळा, आणि पाड्यातले म्हातारे माघ्याबाबा बाहेर उन्हात काठीवर रेलून उभे. मी त्यांना बसायला सांगितलं, तर म्हणाले की कोणी खूण ठेवून जागा धरली आहे, आपण कसं बसायचं. माणूस येईल.

ताई, आपल्याला कसं सुचलं नाही? रानात मोळीवर दगड ठेवला की ती कोणाची तरी असते, पाऊस आला तरी दुसरा हात लावत नाही. तू दगड ठेव म्हणालीस आणि मी मुकाट्याने ठेवत गेले. लाकडांची रीत थांब्यावर कोण लावेल, असं वाटलं असेल मला. कसलं काय, वाटलंसुद्धा नव्हतं.

मग विहिरीवर गेले. रांगेत फुलाशेजारी एका हंड्याएवढी जागा सोडलेली. याच बाया एरवी नंबरावरून एकमेकींच्या झिंज्या उपटतात. भागीला विचारलं, तर म्हणाली की कोणीतरी लांबून येत असेल, तिचा नंबर जाऊ नये.

मी सगळ्यांना सांगितलं, की फुलं नीताची आहेत, घरी न्या. विहिरीवरचं भागीने तिथल्या तिथे पदरात बांधलं. संध्याकाळपर्यंत अकरा गेली. थांब्यावरचं मात्र माघ्याबाबा उचलू देईनात. म्हणाले, पोर इथेच बसली होती ना, मग राहू दे तिची जागा. मला अजून उभं राहता येतं.

ते फूल पाठवत नाही. काय करू ते तूच सांग.

तुझी मीना


जव्हार, ३० एप्रिल

चि. मीना हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र कविताने मला वाचून दाखवलं, कारण मला दुसऱ्या पानापुढे दिसेना. आपल्या माणसांना मी काय काय बोलले. मला त्यांची माफी मागायची आहे, आणि ती पत्रातून मागता येणार नाही.

वर्षभर मला वाटत होतं की जगात तिची जागाच उरली नाही. आणि तिथे नाव माहीत नसताना माणसं उन्हात उभी राहिली.

माघ्याबाबांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, बसा. तिला म्हातारी माणसं उभी राहिलेली आवडायची नाहीत. ते ऐकणार नाहीत, मला ठाऊक आहे. म्हणून रविवारी सकाळच्या गाडीने येते. त्या दिवशी ती तिथे बसली होती आणि मी तिच्याजवळ नव्हते. आता ती जागा मी घेते.

भेटीअंती बोलूच.
तुझी,
सकूताई