काचेतल्या शेवंतीबाई

२ जून, चारकोप

नोकरीचा पहिला दिवस, आणि तो फार चांगला गेला. प्रयोगशाळा औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर दोन गाळे जोडून केलेली आहे. खाली पुठ्ठ्याची खोकी छापणारा कारखाना, त्यामुळे जिनाभर शाईचा वास. आमचं दार उघडलं की मात्र पांढऱ्या भिंती, गाळलेली हवा, प्रत्येक बाटलीवर तारीख. मला अशा जागा आवडतात. सांगलीहून निघताना आईने मुंबईबद्दल बरंच काही ऐकवलं होतं. त्यातलं काहीही इथवर पोचत नाही.

काम असं : हृदयरोग्याच्या रक्तातल्या पेशी घ्यायच्या, त्यांना मागे नेऊन मूलपेशी बनवायच्या आणि मूलपेशींपासून हृदयाचा स्नायू वाढवायचा. काही दिवसांत तो स्नायू काचेच्या बशीत आपोआप धडधडू लागतो. मग नवी औषधं माणसावर न करता त्याच्यावर करून बघायची. शेजारच्या टेबलावर यज्ञेश त्याच मूलपेशींपासून मेंदूच्या पेशींचे मसुराएवढे गोळे वाढवतो. आमच्या प्रमुख वसुधा मॅडम कमी बोलतात. ते बरं आहे.

आज सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा धडधडणारी बशी पाहिली. यज्ञेश मागे उभाच होता. माझी बोलती बंद झाली का, असं त्याने विचारलं. प्रतिमा जरा अस्पष्ट आहे, असं मी म्हणाले. तो हसला आणि म्हणाला की मी इथे झकास टिकेन.

या पेशींना एक क्रमांक आहे, पण सगळे त्यांना ‘शेवंतीबाई’ म्हणतात. शेवंतीबाई पलीकडच्या सेक्टरमध्येच राहायच्या. त्यांच्या हृदयाच्या ठोक्यात जन्मजात दोष होता. रक्त दिल्यावर वर्षभराने त्या गेल्या. त्यांचा दोष बशीत जसाच्या तसा उतरला आहे : दोन ठोके घाईचे, मग थांबा, मग एक जड ठोका, उशीर झाल्यासारखा. त्यांना रोज खाद्यद्रव घालणं हे आजपासून माझं काम.

उपकरणं मोजतात ते संगणकात जाईल. उरलेलं इथे लिहीन.

१९ जून

आज माझं रक्त काढलं. रोग्याच्या पेशींशी ताडून बघायला निरोगी माणसाच्या पेशी लागतात, आणि इथली रीत अशी की सगळ्यांत नव्या माणसाने त्या द्यायच्या. यज्ञेशच्या पेशींना मागच्या वर्षी बुरशी लागली. त्यावरून त्याला अजून ‘बुरसटलेला’ म्हणतात. माझ्या पेशी तयार व्हायला दिवाळी उजाडेल.

स्वतःला बशीत बघायची तुला भीती नाही वाटत का, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, त्या मी नव्हे, माझ्या पेशी आहेत.

७ ऑगस्ट

एक निरीक्षण. एकमेकींना चिकटलेल्या पेशी एका लयीत धडधडतात, हे पुस्तकात आहे. पण शेवंतीबाईंच्या वेगवेगळ्या बशा, मध्ये काच आणि हवा असतानाही, एका लयीत चालतात. थांबा एकाच वेळी. जड ठोका एकाच वेळी.

खालच्या छपाईयंत्राचा हादरा असणार, असं यज्ञेशला वाटतं. कारखान्याला सुट्टी असताना मी पुन्हा मोजलं. फरक नाही. मग एक बशी दुसऱ्या गाळ्यातल्या उबवणी यंत्रात हलवली. तरीही फरक नाही.

मॅडमनी आलेख पाहिले आणि ठोके मोजणारं यंत्र दुरुस्तीला पाठवलं.

१२ सप्टेंबर

शेवंतीबाईंचे यजमान आले होते. धाकूकाका, पूर्वी गिरणीत होते. बरोबर मुलगी जान्हवी. ती बँकेत आहे, वडिलांच्या मागे जरा संकोचून उभी होती.

काकांचं म्हणणं असं. पितृपक्षात बायकोच्या नावाने पान वाढलं, पण कावळा शिवला नाही. मागच्या वर्षीही शिवला नव्हता. म्हणून गावी जाऊन देवाला कौल लावला. कौलात आलं की बाई गेलेलीच नाही, कुठेतरी उबेत अडकून आहे. तेव्हा जान्हवीला रक्ताची आठवण झाली.

जान्हवीने नीट मुद्द्याचं विचारलं : संमती मागे घेता येते ना? मॅडम म्हणाल्या, येते, अर्ज द्या, चालू प्रयोग संपला की पेशी नष्ट करू. कधी संपेल ते त्यांनी सांगितलं नाही. जान्हवीने तिथेच अर्ज लिहून दिला.

काकांनी यज्ञेशला विचारलं की हिला काही समजत असेल का. तो नाही म्हणाला, पण नेहमीसारखा हसला नाही. मग काकांनी एवढंच मागितलं की तिच्यासमोर गाऱ्हाणं घालू द्या. मॅडमनी लगेच हो म्हटलं. काकांना झगा, निळी टोपी, हातमोजे आणि पायांत पिशव्या मी चढवल्या. नारळ आत नेता येणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी तो मुकाट्याने दाराबाहेर ठेवला.

उबवणी यंत्रासमोर हात जोडून ते मोठ्याने म्हणाले :

“बा देवा म्हाराजा, माझी शेवंती हयसर काचेत अडकान ऱ्हवली हा. आमका तिका भायर काढूक जमला नाय. ह्या चेडू तिका रोज जेवक घालता. तिची सुटका होयपर्यंत ह्या चेडवानच तिका आपल्याकडे ठेवची, रे म्हाराजा.”

दर वाक्याला जान्हवी “व्हय म्हाराजा” म्हणत होती. शेवटच्या वाक्यानंतर ती गप्प राहिली आणि दोघंही माझ्याकडे बघू लागली. यज्ञेशने मला कोपर लावलं. मालवणी मला समजते. वाक्याचा अर्थही कळला होता : सुटका होईपर्यंत या पोरीने, म्हणजे मी, तिला आपल्याकडे ठेवायचं. पण म्हातारा माणूस टोपी घालून हात जोडून उभा आहे, शिष्टाचार म्हणून चार अक्षरं बोलायला काय जातं, असं वाटलं.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले.

काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हातमोजा काढायला लावला नव्हता, त्यामुळे तो रबरी आणि गार लागला.

१५ सप्टेंबर

शेवंतीबाईंच्या बशा सुट्या झाल्या. प्रत्येकीची लय वेगळी, आणि दोष जवळजवळ नाहीसा. औषधाशिवाय.

यंत्र दुरुस्त झालं, असं मॅडम म्हणतात. हे मला मान्य करायला आवडेल.

रात्री झोप नीट लागत नाही. जागा अजून अंगवळणी पडलेली नाही.

२४ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी संपवून आले. माझ्या पेशी धडधडू लागल्या आहेत.

मॅडमनी स्पीकर लावला. माझ्या ठोक्यांचं स्वागत म्हणून यज्ञेशने पेढे आणले होते. आवाज सुरू झाला आणि कोणी पेढ्याला हात लावला नाही.

दोन घाईचे. थांबा. एक जड.

यज्ञेश म्हणाला, “बशा बदलल्यास तू. बदलल्यास ना? सांग यार.”

मी बदलल्या नव्हत्या. नावाच्या चिठ्ठ्या मीच लावते.

६ नोव्हेंबर

अदलाबदल झाली असेल तर ती सिद्ध व्हावी म्हणून पेशींचा डीएनए बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून घेतला. पेशी माझ्याच आहेत. मिसळ नाही. शेवंतीबाईंचा जनुकदोषही त्यांच्यात नाही.

म्हणजे निरोगी पेशी. आणि तरी ती लय.

मॅडम खूश आहेत. जनुकाशिवाय असा दोष कुणीच पाहिलेला नाही, म्हणतात. माझ्या बशांची संख्या वाढवायला सांगितली आहे.

जेवणाच्या सुट्टीत मनगटावर बोट ठेवून बसले. मग उठून महावीर नगरच्या दवाखान्यात गेले आणि हृदयाचा आलेख काढून घेतला. डॉक्टरांनी घरात कोणाला हा आजार आहे का, असं विचारलं. कोणालाच नाही. कागद हातात घेऊन पाहिला. तो आलेख मी जूनपासून रोज पाहत आले आहे.

थांबे लांबत गेले तर एखादा थांबा संपणार नाही, असं ते म्हणाले. शब्द सौम्य होते, पण अर्थ तोच. शेवंतीबाई तशाच गेल्या होत्या.

७ नोव्हेंबर

विचार सरळ करायचा. मी शब्द दिला : सुटका होईपर्यंत. मग सुटका करायची. जान्हवीचा अर्ज आहेच.

मॅडमना विचारलं. त्यांना आता शेवंतीबाई नको आहेत, माझ्या बशा हव्या आहेत. लगेच हो म्हणाल्या. गोठवलेल्या कुप्याही काढल्या. सगळ्यांत ब्लीच ओतलं. पेशी पांढऱ्या पडल्या आणि सुटून तरंगू लागल्या. मी मनात म्हणाले, जा बाई.

घरी येऊन मनगट धरलं.

दोन घाईचे—

१० नोव्हेंबर

धाकूकाकांना फोन केला. पेशी नष्ट केल्याचं सांगितलं. ते म्हणाले, ती तिथे नव्हतीच. गाऱ्हाणं घातलं त्याच दिवशी ती तुझ्याकडे आली. त्या दिवसापासून त्यांना घरात तिच्या खोकल्याचा भासही होत नाही.

मी विचारलं, आता कोण सोडवणार? गाऱ्हाणं ज्याने घातलं त्यानेच मागे घ्यायचं, ते म्हणाले. उद्या येतो. घाबरू नको, एका वाक्याचं काम आहे.

फोन ठेवल्यावर रडू आलं. या वर्षात पहिल्यांदाच.

११ नोव्हेंबर

काका आले. जान्हवी बँकेतून सुट्टी काढून आली होती. टोपी, झगा, सगळं त्यांनी स्वतःच चढवलं. माझ्या बशांसमोर हात जोडले. तोंड उघडलं. आणि मग म्हणाले, ती जाण्याआधी एकदा ऐकू दे.

यज्ञेशने स्पीकर लावला.

मी त्याला अडवायला हवं होतं.

काका ऐकत राहिले. खाली बसले. मग डोळे मिटून बोलू लागले, माझ्याशी नाही. लग्नानंतर एका खोलीत नऊ माणसं झोपायची, आणि हिच्या छातीवर कान ठेवला की हाच आवाज यायचा, असं काहीतरी. थांब्यात ते श्वास रोखत होते. जड ठोका आला की सोडत होते. तेव्हाही असंच करत असणार.

जान्हवी रडत म्हणाली, “बाबा, सोडा तिला. ही पोरगी मरेल हो.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळत होतं. ते मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं.

“तिका ऱ्हवांदे गो,” ते मला म्हणाले. “आणखी थोडे दिस.”

१४ नोव्हेंबर

काका वाक्य म्हणत नाहीत. जान्हवीने भांडून पाहिलं, पाया पडून पाहिलं. ते रोज येतात. मॅडम त्यांना आत घेतात, कारण ते बोलले की बशांतला ठोका जोरकस होतो, आणि हे मोजता येतं. शोधनिबंधाचं शीर्षकही ठरलं आहे.

मग स्वतःच करायचं ठरवलं. माझ्या पेशी आहेत, त्या मी नव्हे. माझ्या बशांत मिळून चोवीस खळगे आहेत. त्यांतल्या एका खळग्यात ब्लीच ओतलं, फक्त एका—

डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होते. यज्ञेश माझी छाती दाबत होता. त्याच्या बोटांची नखं पांढरी पडलेली.

एक खळगा. अजून तेवीस आहेत.

१७ नोव्हेंबर

कामावर गेले नाही. डॉक्टर म्हणतात, मी रुग्णालयात दाखल व्हायला हवं. आई निघाली आहे.

चालताना थांबावं लागतं. थांब्यात काहीच नसतं. आवाज नाही. मी नाही. मग जड ठोका, आणि कुणीतरी परत येतं. दर वेळी मीच, असं धरून चालते आहे.

यज्ञेश म्हणतो, तो काकांना धरून आणेल, तोंडातून वाक्य काढून घेईल. शोधायला गेला आहे. काका घरी नाहीत.

१८

काका इथे आहेत. माझ्या खोलीत. दार मी उघडलं की—

उशाशी बसलेत, मनगट धरून. मोजत नाहीत, नुसतं धरून. मी म्हणाले, वाक्य म्हणा. मान हलवतात. नाही.

थांबा. लांब होता.

हातात पेन आहे, म्हणजे मी आहे. शर्मिष्ठा. सांगली. आईचं नाव

थांबा

म्हातारा वाळला आहे. ह्याने सकाळपासून काही खाल्लं नसणार. त्याला सांगितलं, घरी जा, फडताळात वरच्या डब्यात कुळथाची पिठी आहे, तेवढी करून घे. तो रडायला लागला. कुठला डबा. त्याच्या घरी मी कधी—

आई जिन्यात आहे. हाक मारते आहे. शर्मू, शर्मू म्हणून. कोणाला मारते?

थांबा

दार उघडायला हवं. बिचारी लांबून आली असेल. पण आधी जान्हवीला बोलवा कोणीतरी, माझी जान्हवी अजून बँकेतून आली कशी ना