रिकामा रकाना

४ मार्च

चि. शंकासुरास,
अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

बाबा फोनवर तीन शब्दांपलीकडे बोलत नाहीत, पण तुझं पत्र आलं की दिवसभर खुशीत असतात. तेव्हा लिहीत जा. या वेळचं मी आल्या आल्या मोठ्यानं वाचून दाखवलं, मग त्यांनी खिडकीशी बसून स्वतः पुन्हा वाचलं. तू मेमध्ये येणार, नवी खोली हवेशीर आहे, हे सगळं जेवताना मलाच परत ऐकवत होते. दुकान बंद केल्यापासून एकही घड्याळ उघडलेलं नाही. म्हणतात, जन्मभर लोकांच्या वेळा दुरुस्त केल्या, आता पुरे. काल एक मोजा निळा, एक काळा घालून फिरायला निघाले. हसून हसून पुरेवाट झाली.

माझं डोकं मात्र ठिकाणावर नाही. आमचा प्रोग्राम दवाखान्यात औषधाच्या पाकिटावरची चिठ्ठी छापतो. गेल्या आठवड्यात एका पेशंटच्या चिठ्ठीवर भलत्याच माणसाचा डोस छापून आला. नर्सच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. मी ढीगभर चिठ्ठ्या छापून पाहिल्या, एकही चुकत नाही. प्रोग्राम माझ्या हातचा, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघतात. तू दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढून पोट भरतोस, तर काही सुचलं तर कळव.

लोभ आहेच, शंका जरा आवर.
तुझी ताई


९ मार्च

ति. ताईस,
साष्टांग नमस्कार. धपाटा पोचला.

चूक सापडत नाही याचा तुझ्या हुशारीशी संबंध नाही. जो प्रोग्राम लिहितो तो तपासायला बसला तरी मनातून आपलं बरोबर आहे हेच बघत असतो. तू सगळे रकाने नीट भरतेस, कारण कुठे काय भरायचं ते तुला ठाऊक आहे. मी बसतो तो मोडायलाच. कुठलाही फॉर्म हातात आला की मी आधी तो कोरा सोडतो. दवाखान्यातल्या घाईत कुणी डोस भरायलाच विसरलं तर काय होतं, ते बघ.

आता पुढचं वाचून तू चिडणार. बाबा पत्र वाचतात ते तू वाचून दाखवल्यावर. घड्याळाला हात लावत नाहीत. मोजे वेगवेगळे. तू प्रत्येकाला वेगळं कारण दिलंस, मला सगळ्यांचं एकच दिसतंय. त्यांना नीट दिसतं का हे तू कधी तपासलंस, की दिसतंच असं धरून चाललीस? पत्र वाचल्यापासून मला स्वस्थता नाही.

राग काढ, पण लोभ कमी करू नकोस.
शंकासुर


१५ मार्च

चि. भावास,
आशीर्वाद, जरा रागातच.

चूक सापडली. डोसचा रकाना रिकामा राहिला की प्रोग्राम अडत नव्हता, आधीच्या पेशंटचा डोस उचलून बिनदिक्कत छापत होता. साहेब म्हणाले, तुमच्या भावालाच कामावर घेऊ.

पण घर म्हणजे ऑफिस नव्हे. साप साप म्हणून भुई धोपटायची तुझी सवयच आहे. स्वतःचं ठरलेलं लग्नही तू असंच खोदून खोदून मोडलंस. तरी तुझ्या समाधानासाठी मी तपासलं. पेपरात काय आलंय विचारलं, बाबांनी अचूक सांगितलं. चहाचा कप ठेवला, न चाचपडता उचलला. कॅलेंडरवरची होडी सुंदर आहे ना म्हटलं, तर हो, फारच, म्हणाले. डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढताच मात्र भडकले. आता हा विषय पुरे.

लोभ आहे म्हणूनच बोलले.
ताई


२१ मार्च

ति. ताईस,
नमस्कार.

लग्नाचं लिहिलंस ते खरं आहे आणि लागलंही. शंकेनं माणूस तुटतं हे मला कुणी शिकवायला नको.

पण पेपरातलं सगळं सकाळी रेडिओवर येतं. कप तू रोज एकाच जागी ठेवतेस. होडी तर तूच सांगितलीस. प्रत्येक प्रश्नात उत्तर तू त्यांच्या हातात दिलंस. डोळ्याचं दुखणं थांबत नसतं, एकदा गेलं ते परत येत नाही. सोबत बाबांच्या नावाचं बंद पाकीट आहे. तू उघडू नकोस, फक्त त्यांना दे. मी चुकलो तर त्यांचे पाय धरीन. आपण चुकावं असं मला पहिल्यांदाच वाटतंय.

मेचं काही खरं नाही. रजा मिळेलसं दिसत नाही. हे त्यांना एवढ्यात सांगू नकोस.

लोभ असू दे, या वेळी जरा जास्तच.
शंकासुर


२ एप्रिल

चि. भावास,
आशीर्वाद. आज नुसते आशीर्वादच.

पाकीट दिलं. बाबांनी खिडकीशी जाऊन कागद उघडला, बराच वेळ धरला, उलटूनही पाहिला. मग घडी घालत म्हणाले, मेमध्ये येतोय म्हणतो, खोली हवेशीर आहे, खुशाल आहे. मी कागद घेतला. दोन्ही बाजू कोऱ्या. त्या क्षणी तू समोर असतास तर तुला खरंच बदडलं असतं.

मी त्यांना सांगितलं. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, वर्ष होत आलं, समोरच्या गोष्टीचा मधला भागच दिसत नाही. माझा चेहराही नाही, मला ते पावलांवरून ओळखतात. सांगितलं असतं तर मी नोकरी सोडून घरी बसले असते, ही त्यांना भीती. मी खूप रडले. माझ्या डोळ्यांदेखत एवढं झालं आणि मी हसत होते मोज्यांना.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. उजवा डोळा गेला. डावा इंजेक्शनं देऊन बराचसा वाचेल. आणखी दोन महिने थांबला असतात तर मी हे म्हणू शकलो नसतो, असं डॉक्टर म्हणाले.

तू लग्न मोडलंस हे मी तुला पुन्हा कधी ऐकवणार नाही. रजेचं मी बाबांना सांगितलं. आता आपण एकमेकांपासून काही लपवायचं नाही असं ठरलंय. त्यांनी तुला एवढंच कळवायला सांगितलं, की कोऱ्या कागदावर मी जे वाचलं ते खोटं ठरू देऊ नकोस.

वाट बघतोय. लोभ आता समोर येऊनच वाढव.
ताई