सुनपातीचं झुडूप

आमा, तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी काठमांडूत सुखरूप आहे. हॉटेलच्या बागेतलं काम बरं चाललंय. तुझा गुडघा कसा आहे?

तू कळवलंस, "शेजारच्या फुर्बाच्या याकनं आपली धुपाची सुनपाती उपटली. मेल्याशी मी बोलणंच टाकलंय." आमा, याकनं नाही, मागच्या खेपेला घरी आले तेव्हा मी नेली. मालकाला बागेत वीतभर उंचीचं डोंगरी फुलझाड हवं होतं. तू पानं खुडतानाही झाडाला विचारतेस. मी मुळं खणताना विचारलं नाही.

इथं शेणखत घातलं, रोज पाणी पाजलं. वाटलं, लाडानं जगेल. आठवड्यात वाळली.

पानं पाकिटात आहेत, सकाळच्या धुपात घाल. फुर्बाकाकाला चहाला बोलाव आणि चोराचं नाव सांग.

तुझी लेक,
ल्हाक्पा