टांगेवाल्याच्या आवाजाबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त नाट्यशिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. रागही ठिकाणावर आहे. त्याला कोणी म्हातारपणाचा परिणाम समजू नये. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं, कारण त्यात माझ्या धाकट्या दिरांचं नाव होतं.

१. बँकेतली शिल्लक माझ्या बहिणीला. तिने ती स्वतःवर उडवावी, सुनांवर नव्हे.

२. दिरांची व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी आहे. आपल्या भाषेतले, आपल्या माणसांच्या आवाजातले गेम करणाऱ्यांना करात सवलत देण्याचं सरकारने जाहीर केलं, तसे भावजी धावत घरी आले. "वहिनी, संवाद तुम्हीच लिहा. आणि गेममधल्या टांगेवाल्याला आवाज दादाच देणार, दुसरं कोणी नको!"

माझे यजमान जन्मभर रंगभूमीवर वावरलेले. तेव्हा फुप्फुसं थकली होती, नाकात ऑक्सिजनची नळी होती. माइकसमोर एक वाक्य म्हणायचं, दम खायचा, मग पुढचं. "अरे, तिकडे कुठे निघालास? डोळे काय खिशात ठेवलेस?" एवढं म्हणून स्वतःच हसायचे आणि खोकत बसायचे.

"पुरे आता," मी म्हणायचे.

"थांब गं. पोरं ऐकणार आहेत."

सरकारी समितीने ऐकलं, वाहवा केली, सवलत मंजूर झाली. हे गेले. मग गेम बाजारात आला. टांगेवाला परक्या भाषेत बोलत होता, तोही यंत्राच्या आवाजात. आपल्या भाषेचा एक शब्द त्यात नव्हता.

मी कंपनीत गेले. भावजी म्हणाले, "वहिनी, आपल्या भाषेत खेळतंय कोण? समितीला ऐकवायचं होतं, ऐकवलं." सख्ख्या भावाबद्दल बोलत होते! सरकारी कार्यालयातल्या साहेबांनी चहा पाजून सांगितलं, "तपासणीच्या वेळी आवाज होता ना, बाई? मग अट पूर्ण झाली." सवलत वाईट नव्हती, हे मी रागातही मान्य करते. पण ती दिल्यावर तयार गेम एकदा लावून बघायला कोणाचे हात मोडले होते?

३. घरचंच काम म्हणून भावजींनी करार केला नाही. त्यामुळे संवाद आणि आवाज आमच्याच मालकीचे राहिले, असं वकीलबाईंनी तपासून सांगितलं आहे. कंपनीत आवाज जुळवणाऱ्या मुलीला ह्यांचं रेकॉर्डिंग "पुसून टाक" असा हुकूम झाला होता. तिने पुसलं नाही. मला आणून दिलं आणि त्यापायी नोकरी घालवली. आता ती स्वतःचा गेम करते आहे. संवाद, आवाज आणि हे राहतं घर मी तिला देते. सवलत तिनेही जरूर मागावी, तिचा हक्कच आहे. अट एवढीच, की मुलांच्या हातात पडेल त्या गेममध्ये टांगेवाला ह्यांच्याच आवाजात बोलला पाहिजे.

४. भावजींना काहीही नाही. माझ्या शोकसभेला त्यांनी यावं, पण बोलायला उभं राहू नये. धापा टाकत त्यांचा भाऊ जे बोलला ते त्यांनी बंद केलं. माझ्या माणसांसमोर त्यांनीही तोंड बंद ठेवावं.

वरील मजकूर आमच्यासमोर मोठ्याने वाचून बाईंनी सही केली. वाचताना त्या कुठेही अडखळल्या नाहीत.
साक्षीदार : शेजारच्या दातांच्या डॉक्टर (सही)
साक्षीदार : नाटकमंडळीतले दिवेकाका (सही)

स्थळ : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर