गाडीला हवा कमी पडली होती

मी, बलभीम गोविंदराव साळुंके, वय ७३, धंदा शेती, राहणार माकणी, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव, आज पूर्ण शुद्धीत, कुणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, लिहून ठेवतो की माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एका कानाने कमी ऐकू येते, पण डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. महेश्वरी कोरे यांनी आजच तपासून दिला आहे.

१. गट नंबर ११८ मधील चार एकर जमीन मुलगा कृष्णराज व मुलगी शिवकन्या यांना निम्मी-निम्मी. राहते घर शिवकन्येचे. हे कृष्णराजनेच पुण्याहून येऊन सुचवले. म्हणाला, "बाबा, घर ताईला द्या. मी आलो की मला ताट लागंल, खोली न्हाय." असा मुलगा दिल्याबद्दल देवाचे उपकार. बँकेतली ठेव त्याची. द्वारकाचे, म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीचे दागिने सून हर्षाली हिला.

२. माझी टर्बो डिझेल जीप, २००८ साली घेतलेली, शिवकन्येला. या जीपविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यात माझा गुन्हा आहे.

२०१४ साली गाडी चढाला दम टाकू लागली. त्याच सुमारास चुलतभाऊ हिंमतराव याने नवी जीप घेतली. लोहाऱ्याच्या रस्त्यावर वऱ्हाड भरून तो मला मागे टाकून गेला आणि जाताना त्याने हात केला. बिचाऱ्याने प्रेमानेच केला असेल. मला तो हात टोचला.

दुसऱ्या दिवशी मी अणदूरला माणिकप्पा बिराजदार यांच्या गॅरेजवर गेलो. म्हटले, "पंपाचा स्क्रू फिरव, डिझेल वाढव. गाडी पळाली पायजे."

माणिकप्पाने बोनट उघडून इंजिन रेस करायला लावले, कान दिला. "तात्या, डिझेल कमी न्हाय. हवा कमी पडायलीय. टर्बो इंजिनात हवा ढकलतो, तिथनं येणारा पाईप कुठंतरी गळतोय, फिल्टरही भरलाय. नुसतं डिझेल वाढवलं तर धूर वाढंल, इंजिन तापंल."

गॅरेजवर सात-आठ गिऱ्हाइके होती. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "मी ट्रॅक्टर हाकत होतो तवा तू पाळण्यात होतास. मला शिकवतोस?" त्याने बोनट लावले. मी घरी आलो आणि स्क्रू स्वतःच्या हाताने फिरवला. सपाट रस्त्यावर गाडी जराशी पळाली. मागे काळाकुट्ट धूर. मी त्यालाच ताकद समजलो.

त्यानंतर बाराव्या दिवशी दुपारी द्वारकाच्या छातीत कळ आली. अंग घामाने भिजले. हिंमतराव धावत दारात आला. "दादा, माझी गाडी न्या."

मी म्हणालो, "का? माझी काय मेलीय?"

हे वाक्य मी कागदावर आणतो आहे, कारण आजवर ते कुणापुढे कबूल केलेले नाही.

नळदुर्गजवळच्या चढाला फट्‌कन आवाज झाला. जीप पहिल्या गिअरमध्येही सरकेना. तापमानाचा काटा लालवर. मागच्या सीटवर द्वारका शिवकन्येच्या मांडीवर डोके टेकून डोळे मिटून पडलेली. रुग्णवाहिकेला फोन केला, तर यायला वेळ लागेल म्हणाले. जाणाऱ्या गाड्यांना मी हात करत होतो, एकही थांबेना. शिवकन्येने मला न विचारता माणिकप्पांना फोन लावला.

हातातले काम टाकून तो माणूस मोटारसायकलवर आला.  आधी त्याने द्वारकाकडे पाहिले, मग बोनट उघडले. टर्बोपासून जाणारा रबरी पाईप तोंडापाशी फाटून निसटला होता. फाटलेला तुकडा त्याने कापून टाकला, उरलेला पाईप ओढून बसवला, दोन क्लिपा आवळल्या. पंपाचा स्क्रू जुन्या खुणेवर आणला. चटके बसत होते, तरी हात मागे घेतला नाही.

"आता न्या, तात्या. काट्यावर नजर ठेवा, गाडी रेटू नका. काकूला न्हाय काय हुणार."

जीप चढ चढली. सोलापूरला डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलेत. चढावर गेलेला पाऊण तास माझ्या अहंकाराचा होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. द्वारकाला ठाऊक होते. शुद्धीवर आल्यावर तिने विचारले, "भावजींची गाडी का न्हाय घेतली वो?" मी औषधांचा कागद घेऊन बाहेर गेलो. तिने पुन्हा कधी विचारले नाही. त्यानंतर ती नऊ वर्षे जगली. दोन नातवंडे तिने खेळवली.

पुढे माणिकप्पाने नवा पाईप टाकला, फिल्टर बदलला, हवा थंड करणारा इंटरकूलर धुतला, डिझेल फवारणारे नोझल तपासून बसवले. दहा माणसे घेऊन तोच चढ जीप तिसऱ्या गिअरमध्ये चढली, धुराचा पत्ता नाही. मी विचारले, "एवढी ताकद आली कुठनं?"

"होतीच की, तात्या. वाट मोकळी केली."

गावातल्या आजारी माणसाला ही जीप शिवकन्येने नाही म्हणू नये, एवढीच माझी अट.

३. माझी सगळी हत्यारे, पान्यांचे दोन्ही संच व जॅकसह, माणिकप्पा बिराजदार यांना. त्यांच्याकडे याहून चांगली आहेत, तरी घ्यावीत. मागच्या सोमवारी मी गॅरेजवर जाऊन चार लोकांसमोर त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "आवो तात्या, मी तर ते कधीच इसरलो." खोटे बोलले. त्या खोट्याबद्दलही मी त्यांचा ऋणी आहे.

४. बांधावरच्या चिंचेवरून हिंमतराव व मी सोळा वर्षे भांडत आलो. चिंच त्याची. मोजणी करू नये. द्वारका सोलापूरला दवाखान्यात होती ते तेरा दिवस रोज डबा त्याच्या घरून आला होता आणि एकदाही तो मला "मी सांगत होतो" असे म्हणाला नाही.

५. माझ्या मागे मोठे जेवण घालू नये. हा कागद मी आजारी आहे म्हणून लिहिलेला नाही. मला मानायचे आभार दुसऱ्याने माझ्या मागे मानावेत, हे मला पटत नाही, म्हणून लिहिला. आज सकाळी शिवकन्या म्हणाली, "बाबा, उद्या तुळजापूरला जाऊ. गाडी मी चालवते, तुम्ही बाजूला बसा अन् काही शिकवू नका." मी कबूल झालो आहे. तेव्हा या कागदाची घाई कुणी करू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. साक्षीदारांसमोर मी व माझ्यासमोर त्यांनी सही केली.

सही: बलभीम गोविंदराव साळुंके

साक्षीदार:
१. डॉ. महेश्वरी कोरे, लोहारा
२. व्यंकट रामराव मोरे, निवृत्त शिक्षक, माकणी

ठिकाण: माकणी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५